साताऱ्याचा वकील लंडनच्या दारात

सीमाभागातून दिल्लीला शिष्टमंडळ निघाले की गावात दोन तऱ्हेची बोलणी सुरू होतात. काही म्हणतात, अर्ज-विनंत्यांनी आजवर कुणाच्या पदरात काय पडले? काही म्हणतात, ही मंडळी प्रश्नासाठी जातात की दिल्ली पाहायला? आम्ही अशा शिष्टमंडळांतून गेलो आहोत. मंत्र्याच्या बंगल्यातील बाहेरच्या खोलीत मांडीवर फायलींचे ओझे घेऊन बसलो आहोत, आणि परतल्यावर ही दोन्ही बोलणी ऐकलीही आहेत. ती ऐकताना आम्हांस दर वेळी एका माणसाची आठवण होते. हा माणूस दिल्लीला नव्हे, लंडनला गेला. चार दिवस नव्हे, तेरा-चौदा वर्षे राहिला. जे मागायला गेला ते त्याला मिळाले नाही, आणि ज्याच्यासाठी मागायला गेला तो धनीही मध्येच निघून गेला. रंगो बापूजी गुप्ते हे त्याचे नाव.

सत्तेच्या दारात बसून कुणाची तरी बाजू लावून धरणाऱ्याला हल्ली ‘लॉबिस्ट’ म्हणतात. इंग्रजीत सभागृहाबाहेरच्या दालनास लॉबी म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. मराठीत तो आला तोच दलालीचा वास घेऊन. परंतु मराठीला हा व्यवसाय नवा नाही. त्याला आपला शब्द आहे, वकील. न्यायालयात काळा डगला घालून उभा राहणारा तो वकील पुढचा. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेल्या या शब्दाचा आपल्या दप्तरांतील अर्थ निराळा आहे : परक्या दरबारी राहून धन्याचे काम साधणारा, तिकडील बातमी इकडे कळविणारा, कुणाचे वजन कुठे चालते हे ओळखून त्याच्याकडे जाणारा माणूस. पेशवाईचे अर्धे राजकारण अशा वकिलांच्या पत्रांतून चालले. पुण्याहून दिल्लीला, हैदराबादेस, श्रीरंगपट्टणास वकील असत. त्यांना कुणी दलाल म्हणत नसे. राज्याचे डोळे आणि कान म्हणत.

या वकिलीने समुद्रही लवकरच ओलांडला होता. रघुनाथरावाने १७८१ साली हनुमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि त्याच्यासोबत मणियार नावाचा पारशी गृहस्थ इंग्लंडला धाडला. एडमंड बर्क याने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांच्या सोवळ्याओवळ्याचीही सोय करून दिली. काम मात्र झाले नाही. बादशहा दुसऱ्या अकबराच्या पेन्शनीचे गाऱ्हाणे घेऊन राममोहन रॉय १८३० साली निघाले आणि १८३३ साली ब्रिस्टलला वारले. रंगो बापूजींच्या आधीचा हा इतिहास असा फारसा उमेद देणारा नव्हता.

आता साताऱ्याची हकीकत. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना पेशव्यांच्या ताब्यातून सोडवून साताऱ्याच्या गादीवर बसविले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस वारणा व कृष्णा, पश्चिमेस सह्याद्री आणि पूर्वेस पंढरपूर-विजापूरचा मुलूख, असे ते राज्य होते. आमच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की विजापूर तेव्हा साताऱ्याच्या राज्यात होते. राज्याच्या भोवती आणि पोटात जहागीरदार होते : भोरचे पंत सचिव, औंधचे पंत प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले, वाईचे शेख. यांच्यावर हुकमत कुणाची, छत्रपतींची की कंपनी सरकारची, हा वाद तहाच्या शाईबरोबरच जन्मला. सीमाप्रश्नाच्या बातम्यांत आज जत आणि अक्कलकोट ही नावे येतात तेव्हा आम्हांस वाटते, या गावांच्या नशिबी ‘तुम्ही कुणाचे’ हा प्रश्न दोनशे वर्षांचा आहे.

प्रतापसिंहांचे म्हणणे असे की तहाने जहागीरदार आमच्याकडे दिले आहेत. लंडनमधील कंपनीच्या संचालकांचा कल त्यांच्या बाजूचा होता. मुंबई सरकारचा नव्हता. हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या लंडन-वकिलीचे मूळ त्यातच आहे. संचालकांनी १८३५ च्या अखेरीस राजाच्या कारभाराची स्तुती करणारे पत्र आणि सन्मानाची तलवार पाठविली. मुंबई सरकारने ती राजाच्या हाती दिलीच नाही. मुंबई नाराज असली तरी लंडन न्याय देईल, असे साताऱ्यास वाटले ते काही केवळ भाबडेपणाने नव्हे. मधला अधिकारी अडवतो, वरचा ऐकेल, ही आशा ज्याने कधी अर्ज लिहिला आहे त्या प्रत्येकाच्या मनात असते.

तलवारीऐवजी राजाच्या वाट्याला आरोप आले. पहिला असा की त्यांनी २३ व्या देशी पलटणीतील दोन सुभेदारांना फितविण्याचा यत्न केला. १८३६ च्या ऑक्टोबरात चौकशी समिती बसली. तीत रेसिडेंट लॉडविक, ओव्हान्स आणि मुंबई सरकारचे सचिव विलोबी असे तिघे होते. दुसरा आरोप नागपूरचे पदच्युत अप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहाराचा. तिसरा आमच्या प्रदेशाच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण : गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयशी संगनमत. डोम मानुएल याच्याशी राजाने संधान बांधले असून पोर्तुगीज ३०,००० फौज देणार, अशी ती कथा होती. त्या काळच्या गोव्याची अवस्था ज्याला ठाऊक आहे त्याला ही फौज कोणत्या डोंगरातून निघणार होती असा प्रश्न पडेल. संकेश्वर मठाच्या स्वामींचे नावही या प्रकरणात ओढले गेले. व्हाइसरॉयने आरोप साफ नाकारला. राजाने आरोपांच्या आणि साक्षींच्या नकला मागितल्या, त्या दिल्या गेल्या नाहीत. पुरावा सगळा मोडीतला, निर्णय सगळा इंग्रजीतला, आणि ज्याच्यावर आरोप त्यालाच कागद दाखवायचे नाहीत, असा तो न्याय होता.

१८३९ साली गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. तोडगा मांडला गेला तो असा : आम्ही देऊ त्या कागदावर सही करा, मागचे विसरू. त्या कागदावरील सही म्हणजे गुन्ह्याची कबुली होती. प्रतापसिंहांनी सही केली नाही. सप्टेंबरच्या आरंभी एका रात्री पलटण वाड्यात शिरली, राजाला उठवून नेले, जवळच्या लिंब गावी ठेवले आणि पुढे काशीला पाठविले. धाकटे बंधू शहाजी उर्फ अप्पासाहेब गादीवर बसले. सेनापती बाळासाहेब त्या काशीच्या वाटेवरच वारले.

रंगो बापूजी येथून पुढे कथेच्या मध्यभागी येतात. रोहिड खोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू हे शिवकाळात स्वराज्याच्या आरंभीच्या मंडळींतले; त्यांच्या कुळातील हे गृहस्थ, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीचे. छत्रपतींच्या वतीने इंग्रजांशी बोलण्याचे काम त्यांनी आधीही केले होते. लंडनला जाणारे ते साताऱ्याचे पहिले वकील मात्र नव्हेत. त्यांच्या आधी मीर अफजल अली गेले होते. यशवंतराव शिर्के, भगवंतराव विठ्ठल यांनीही तो प्रवास केला. ते परतले. रंगो बापूजी १८४० साली पोहोचले आणि राहिले.

तेथे त्यांनी केले काय, हे समजण्यासाठी कंपनीचे घर कसे चाले ते पाहावे लागते. लीडनहॉल रस्त्यावरच्या ईस्ट इंडिया हाउसात चोवीस संचालक बसत. त्यांच्यावर सरकारचे नियामक मंडळ होते आणि त्याचा अध्यक्ष हा मंत्री असे. पण या दोहोंखेरीज भागधारकांची एक सभा होती. ५०० पौंडांचे भाग असणाऱ्यास तेथे बसता-बोलता येई. १,००० पौंडांचे असणाऱ्यास एक मत, १०,००० पौंडांचे असणाऱ्यास चार मते. नऊ भागधारकांनी मागणी केली की खास सभा बोलवावी लागे. कोट्यवधी माणसांवर राज्य करणाऱ्या कंपनीच्या भिंतीला ही एक लहानशी खिडकी होती. सहानुभूती असणारे नऊ भागधारक मिळवा, सभा भरवा, सभेतील भाषणे छापून घ्या, ती छापील भाषणे पार्लमेंटच्या सभासदांच्या हाती द्या, त्यांच्याकडून प्रश्न विचारवा, कागदपत्रे छापण्याचा हुकूम मिळवा, आणि त्या कागदपत्रांच्या आधारे पुन्हा नऊ भागधारकांकडे जा. हा रहाट रंगो बापूजींनी अखंड फिरविला. आजच्या कोणत्याही राजधानीतला पगारी लॉबिस्ट यापेक्षा वेगळे काही करीत नाही. फक्त त्याला परतीचे तिकीट असते.

जोसेफ ह्यूम हा पार्लमेंटातील जुना सुधारणावादी सभासद त्यांचा मोठा आधार. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत गाजलेला वक्ता जॉर्ज थॉम्पसन दुसरा. थॉम्पसन पुढे द्वारकानाथ टागोरांसह हिंदुस्थानात आला, आणि दिल्लीच्या बादशहानेही त्याला आपले वकीलपत्र दिले. म्हणजे एकाच गोऱ्या वक्त्याच्या खांद्यावर सातारा आणि दिल्ली अशा दोन्ही गाद्यांचे दुःख येऊन बसले होते! साताऱ्याचे माजी रेसिडेंट ब्रिग्ज राजाच्या बाजूने बोलले. पण आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो लॉडविक. ज्या समितीने राजाला दोषी धरले त्या समितीचा हा एक सदस्य. महाबळेश्वरला ज्या टोकावर सहलीची मंडळी छायाचित्रे काढतात त्या टोकाला याचेच नाव आहे. इंग्लंडला परतल्यावर त्याने भागधारकांच्या सभेत उभे राहून समितीतील आपल्या वागण्याबद्दल उघड खेद व्यक्त केला. निकाल देणाराच फिरला. एवढे झाल्यावर कोणत्याही न्यायसभेने फेरतपासणी केली असती. येथे तसे काही झाले नाही.

तसेच गिरजाबाईच्या अर्जाचे. राजाचा एक माणूस गोविंदराव दिवाण कैदेत होता; त्याची आई गिरजाबाई हिच्या नावाने एक अर्ज सरकारकडे आला आणि त्यातील मजकूर राजाविरुद्धचा मोठा पुरावा धरला गेला. पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाचा मनुष्य म्हणू लागला की तो अर्ज मीच लिहिला, त्याचे पैसे मला द्या. या प्रकरणावरून ओव्हान्सवर लंडनमध्ये झोड उठली. सातारा-पुण्याकडे कुणीतरी मोडीत खरडलेला एक कागद आणि त्यावर लंडनच्या सभागृहात तासन्‌तास भाषणे, हे दृश्य रंगो बापूजींनी घडवून आणले. त्यांच्या नावाची निवेदने इंग्रजीत छापली गेली, त्यांवर ‘रंगो बापोजी’ अशी इंग्रजांच्या कानाने ऐकलेली सही असे. साताऱ्याचे कागद पार्लमेंटने छापले. आज प्रतापसिंहांच्या खटल्याचा अभ्यास करणारा जे खंड उघडतो त्यांतील बराच भाग या रेट्याखेरीज कुठल्या तरी कचेरीच्या कपाटातच कुजला असता.

ते मागत काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. गादी परत द्या ही मागणी शेवटी होतीच. परंतु वर्षानुवर्षे त्यांच्या निवेदनांचा भार एकाच गोष्टीवर होता : राजाची बाजू ऐका. आरोपीला कागद द्या, साक्षी तपासू द्या, मग काय तो निकाल करा. महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याची तारीख पुढे गेल्याची बातमी वाचताना आम्हां सीमावासीयांना या मागणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ठराव दर वेळी पडला. पार्लमेंटात ह्यूमने १८४५ साली आणि पुन्हा १८४७ साली प्रकरण काढले. सरकार हलले नाही. येथे रंगो बापूजींच्या वकिलीतील मोठी त्रुटी सांगणे भाग आहे. त्यांचे सर्व मित्र विरोधी बाकांवरचे, किंवा कुठल्याच बाकावर न मावणारे. ज्याच्या सहीने काम होणार होते तो नियामक मंडळाचा अध्यक्ष हॉबहाउस १८३५ ते १८४१ आणि पुन्हा १८४६ ते १८५२ असा त्या खुर्चीवर होता, आणि राजाविरुद्धचा निर्णय त्याच्याच काळात मान्य झालेला. आपणच केलेली चूक आपणच कबूल करा, असे त्याला सांगणे म्हणजे दगडाला पाझर फोडणे. टाळ्या एका दारी मिळत होत्या, किल्ली दुसऱ्या दारी होती. आमच्या चळवळीनेही हे अनुभवले आहे : विरोधात असताना जो पक्ष आमच्या व्यासपीठावर येतो, तो सत्तेत गेल्यावर फाईल मागवून घेतो आणि मग फाईल मागवून घेतल्याचेच वर्षभर सांगतो.

दुसरी अडचण पैशाची. काशीच्या कैदेतील राजाच्या नेमणुकीतून लंडनचा खर्च निघायचा. पत्र जायला-यायला महिने लागत. वकिलाचे घरभाडे, छपाई, लेखनिक, भागधारकांच्या सभांची तयारी, सारे कर्जावर. याच खर्चावरून त्यांची पहिली सार्वजनिक प्रतिमा घडली आणि ती कंपनीच्या बाजूच्या लोकांनी घडविली. त्यांचे म्हणणे असे की हे वकील राजाला खोट्या आशेवर ठेवतात आणि त्याच्या पैशावर लंडनमध्ये जगतात. ह्यूम-थॉम्पसन यांना हिंदुस्थानातील राजापेक्षा आपल्या भाषणाची हौस अधिक. हा आरोप जगातील प्रत्येक लॉबिस्टावर होतो आणि कित्येकदा तो खराही असतो. रंगो बापूजींच्या बाबतीत तो खोटा होता असे आम्ही म्हणतो, आणि त्याचे कारण पुढील दोन वर्षांत आहे.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीत वारले. पोटार्थी वकिलाने त्याच दिवशी गाशा गुंडाळला असता, कारण पैशाचा झराच आटला. पुढच्या ५ एप्रिलला साताऱ्यास शहाजीराजेही वारले. दोघांनीही दत्तक घेतले होते. रेसिडेंट बार्टल फ्रिअर आणि मावळता गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत दत्तक मान्य करावे असे होते. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करण्याची शिफारस केली. संचालकांत टकरसारख्या जुन्याजाणत्यांनी विरोध नोंदविला. बहुमत डलहौसीकडे गेले आणि १८४९ साली सातारा कंपनीच्या मुलखात मिळाले. दत्तक नामंजुरीच्या ज्या धोरणाने पुढे झाशी आणि नागपूर गेले, त्याचा पहिला घास सातारा. रंगो बापूजी आता कुणाचे वकील होते? मेलेल्या धन्याचे, त्याच्या दत्तकाचे आणि नकाशावरून पुसलेल्या राज्याचे. ते तरीही लंडनमध्ये राहिले. १८५३ साली कंपनीची सनद नव्याने मंजूर व्हायची होती. वीस वर्षांनी एकदा पार्लमेंट हिंदुस्थानकडे नीट पाही तो हा प्रसंग. त्याची वाट पाहणे हा हिशेब चुकीचा नव्हता. सनद मंजूर झाली. साताऱ्याचे काही झाले नाही. डिसेंबर १८५३ मध्ये ते निघाले. कर्ज आणि परतीचा प्रवास यांसाठी अखेर कंपनीलाच पैसे मोजावे लागले. ज्या माणसाला ती तेरा वर्षे दारातून हाकलू शकली नाही त्याला घालविण्याचा हा तिचा मार्ग.

पुढची चार वर्षे सर्वांना माहीत आहेत, निदान साताऱ्याकडील लोकांना तरी. १८५७ च्या उन्हाळ्यात साताऱ्यात उठावाची तयारी चालली होती आणि तिच्या मुळाशी रंगो बापूजी होते. ३१ जुलैस कोल्हापूरची २७ वी पलटण उठली. बेळगावच्या छावणीतही अस्वस्थता होती आणि तेथेही शिक्षा झाल्या. साताऱ्याचा बेत मात्र आधीच फुटला. राजकुटुंबाला हलवून मुंबईजवळच्या बेटावर नेले गेले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आले. काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी ठाण्यापर्यंत आले, तेथून निसटले आणि मग कुणाच्याही हाती लागले नाहीत. बक्षीस जाहीर झाले, शोध झाला, सापडले नाहीत.

त्यांच्या प्रतिमेची दुसरी घडण येथून सुरू होते. इंग्रजांच्या लेखी लंडनमधला चिवट अर्जदार एका उन्हाळ्यात कटवाला ठरला, आणि मागच्या तेरा वर्षांचे सारे अर्ज कपटाचे ठरले. गंमत अशी की पुढे आपल्या राष्ट्रवादी लेखकांनी नेमके हेच केले, फक्त उलट भावनेने. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या सत्तावनावरील ग्रंथात लंडनमध्ये रंगो बापूजी आणि नानासाहेबांचा वकील अजीमुल्ला खान भेटतात आणि उठावाची आखणी करतात. चित्र मोठे रोमहर्षक आहे. परंतु रंगो बापूजी १८५३ च्या अखेरीस लंडन सोडतात आणि अजीमुल्लाचा तिकडील वावर ठळकपणे दिसतो तो १८५४-५५ मध्ये. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात तो कॉन्स्टँटिनोपलला एका इंग्रज बातमीदाराला भेटल्याचे त्या बातमीदारानेच लिहून ठेवले आहे. दोन वकिलांची वाट एक होती, दोघांना आलेला अनुभव एक होता, दोघेही पुढे सत्तावनात सापडले, हे खरे. तेवढे पुरेसे नव्हते काय? भेटीचा प्रसंग रंगविला की लंडनची तेरा वर्षे म्हणजे एक सोंग होते असे वाटू लागते. अर्ज हे ढोंग आणि आतून तलवार, असे. आमचे मत याच्या विरुद्ध आहे. तेरा वर्षे कुणी सोंग करीत नाही. ज्याचा अर्जावर मनापासून विश्वास असतो त्याचाच तो विश्वास इतका वेळ टिकतो, आणि मोडतो तेव्हा इतक्या जोराने मोडतो.

तिसरी प्रतिमा प्रबोधनकार ठाकरे यांनी घडविली. ‘हिंदवी स्वराज्याचा खून’ आणि पुढे १९४८ साली ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ ही पुस्तके त्यांनी लिहिली. रंगो बापूजी सामान्य मराठी वाचकाच्या घरात आले ते या लेखनामुळे. प्रबोधनकारांचे रंगो बापूजी हे स्वामिनिष्ठेची मूर्ती आहेत. समोर बाळाजीपंत नातू आणि सांगलीकर चिंतामणराव यांच्यासारखी मंडळी खलनायकाच्या जागी. वेदोक्ताच्या वादात प्रतापसिंहांनी कायस्थांची बाजू घेतली होती, त्या वादाची धग या पुस्तकांच्या पानापानांतून येते. प्रबोधनकार स्वतः त्याच ज्ञातीचे, तेव्हा लेखणीला धार आली तर नवल नाही. नातूंनी इंग्रजांची सेवा केली हे नाकारता येत नाही. पण कार्नॅक, विलोबी, ओव्हान्स आणि डलहौसी यांनी केलेले सारे पुण्या-सांगलीच्या ब्राह्मणांच्या माथी मारले की इंग्रज फारच स्वस्तात सुटतात. हे म्हणताना प्रबोधनकारांचे ऋण आम्ही विसरत नाही. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात, माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्यानंतर दोन वर्षांनी हे पुस्तक आले. आणि पुढे त्याच प्रबोधनकारांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात वृद्धपणी उडी घेतली. एका पराभूत वकिलाचे चरित्र लिहिणारा माणूस आमच्या प्रश्नाच्या मांडवात उभा होता.

रंगो बापूजींना हुतात्मा म्हणावे, क्रांतिकारक म्हणावे, आमची हरकत नाही. आमचा आग्रह एवढाच की त्यांना वकीलही म्हणावे. त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट आमच्या वडीलधाऱ्यांकडे होती, ती म्हणजे मागे उभा असलेला समाज. सेनापती बापटांनी १९६६ साली उपोषण केले आणि महाजन आयोग नेमला गेला तेव्हा त्या एका वृद्धाच्या मागे गावोगावचे मोर्चे होते. लंडनमधील रंगो बापूजींच्या मागे काशीत कैदेत असलेला एक राजा होता आणि साताऱ्यात घाबरून गप्प बसलेली प्रजा. प्रश्न राजाच्या अब्रूचा म्हणून मांडला गेला; साताऱ्याच्या, पंढरपूरच्या, विजापूरच्या रयतेचे त्यात काय जाते, हे फारसे कुणी बोलले नाही. आयोगाचा निवाडा आमच्याही मनासारखा आला नाही, हा भाग वेगळा.

ठाण्यात जांभळी नाक्यावरचा चौक रंगो बापूजींच्या नावाने ओळखला जातो. बाजाराची गर्दी सदैव असते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर चार भिंती आहेत. दसऱ्याची मिरवणूक राजस्त्रियांना दिसावी म्हणून प्रतापसिंहांनी ती जागा बांधविली होती, आज तेथे सत्तावनच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. आम्ही गेलो ती संध्याकाळची वेळ होती, शाळकरी मुले कठड्यावर बसून खालचे शहर पाहत होती. एकाने आम्हांस विचारले, काका, तुम्ही कुठले? बेळगावचे, असे सांगितल्यावर तो म्हणाला, म्हणजे कर्नाटकातले. आम्ही त्याच्याशेजारी कठड्यावर बसलो आणि त्याला रंगो बापूजींची गोष्ट अगदी आरंभापासून सांगितली.